‘नॉन-गोल्फर स्पाउस’ आणि पटपडगंजचा खांब

मुलुंडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. वय ५८, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. निवृत्तीनंतर ऑफिसातल्या एका जुन्या मैत्रिणीने त्यांना खारघरला सिडकोच्या गोल्फ कोर्सवर ओढून नेलं आणि त्या तिथल्याच झाल्या. आता आठवड्यातून दोनदा, उजाडायच्या आत, ऐरोलीच्या पुलावरून गाडी काढतात. मिस्टर मध्य रेल्वेतून निवृत्त. तरुणपणापासून गडकिल्ले पायाखाली घातलेले, घरात मराठ्यांच्या इतिहासाची दीड कपाट पुस्तकं. गुडघ्यांमुळे अवघड गड आता बंद झाले. वाचन आणि वाद चालू आहेत.

गोल्फच्या ग्रुपने परदेशात सहा दिवसांची सहल ठरवली आहे. माहितीपत्रकात गोल्फचे चार राउंड, म्हणजे चार पूर्ण डाव, आणि जोडीला ‘संस्कृती व वारसा दर्शन’. न खेळणाऱ्या नवऱ्या-बायकांसाठी ‘नॉन-गोल्फर स्पाउस प्रोग्रॅम’ असा वेगळा रकाना: मॉल, स्पा, अर्ध्या दिवसाची सिटी टूर. तो रकाना वाचून मिस्टर म्हणाले, ‘‘ज्यांनी आपल्या गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या त्यांचा खेळ तू खेळणार, आणि मी काय मागनं पिशवी घेऊन फिरू?’’ नणंदबाईंनी ‘या वयात कसली थेरं’ म्हणून घेतलं. मुलगा म्हणतो, आई, तू एकटी जा, बाबा त्यांच्या ग्रुपबरोबर कुठेतरी जातील. पण लग्नानंतर दोघं वेगवेगळ्या सहलीला कधी गेलेले नाहीत. खर्च बाईंच्या स्वतःच्या फंडातून होणार आहे, तरी तो त्यांना टोचतो आहे. त्या विचारतात: या खेपेला गोल्फ बाजूला ठेवून मिस्टरांबरोबर ऐतिहासिक सहल करू, त्यांना सोडून ग्रुपबरोबर जाऊ, की त्यांना कसंही करून पटवू?

ताई,

तुमचं पत्र मोठं आहे आणि त्यातला बहुतेक भाग दुसरे काय म्हणाले याचा आहे. खेळाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय: सेव्हन आयर्नने, म्हणजे गोल्फच्या एका लोखंडी काठीने, चेंडू अगदी मधोमध लागला की हातांना काही जाणवतच नाही, नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि मग मान वर करून तो कुठे गेला ते शोधायचं. जिला हे असं लिहिता येतं तिला मी खेळ बाजूला ठेव म्हणणार नाही. तुमचा पहिला पर्याय मी इथेच खोडते.

तिसरा पर्याय ‘कसंही करून पटवू’. पटवायचं म्हणजे नेमकं काय, ते जरा सुटं करून बघा. मिस्टरांनी बरोबर यावं, गोल्फला नावं ठेवणं थांबवावं, आणि वर तिथे खूशही दिसावं, अशा तीन गोष्टी तुम्ही एकाच विनंतीत गुंडाळल्या आहेत. यातली पहिलीच मागता येण्यासारखी आहे. उरलेल्या दोन झाल्या तर झाल्या. राजगडाची तीच गोष्ट पुन्हा ऐकताना तुम्हीही दर वेळी रंगून जात असाल असं मला वाटत नाही, आणि त्यावाचून तुमचा संसार अडला नाही.

जाता जाता एक विचारते. हेच पत्र एखाद्या निवृत्त गृहस्थाने लिहिलं असतं, तर त्यात बहिणीचं मत आलं असतं का? स्वतःच्या फंडाचे पैसे टोचले असते का? फार तर त्याने कुठला कोर्स चांगला एवढंच विचारलं असतं. नणंदबाईंचा विषय माझ्यापुरता इथे संपला. खर्चाबद्दलही इतकंच, की दीड कपाट पुस्तकं काही फुकट आली नसावीत, आणि त्यांचा हिशेब तुम्ही कधी मागितला नसणार.

मात्र एका बाबतीत मी मिस्टरांच्या बाजूची आहे. तो ‘नॉन-गोल्फर स्पाउस’चा रकाना मलाही खटकला. माणसाला काय आवडतं हे न विचारता, तो काय खेळत नाही यावरून त्याचे सहा दिवस ठरवायचे आणि मॉलमध्ये सोडून यायचं. मराठ्यांच्या इतिहासावर तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला स्पाचं कूपन दिल्यावर तो चिडणारच. तुम्हाला वाटतंय ते गोल्फवर चिडले. त्यांचं वाक्य पुन्हा वाचा. ‘मी काय मागनं पिशवी घेऊन फिरू’ यात गोल्फ थोडा आहे, आपण कुणाच्या तरी मागे शेपटासारखे जाणार हा राग जास्त आहे.

त्यांचा राग वेळापत्रकाच्या हिशेबातही बरोबर आहे. पत्रकात वारसा दर्शन छापलंय खरं, पण वेळ मोजा. अठरा होलच्या (चेंडू ज्यात घालायचा त्या खड्ड्यांच्या) एका राउंडला चार ते पाच तास लागतात. त्याआधी अर्धा तास पोचायचं, हात मोकळे करायचे. सकाळी साडेसहाला टी ऑफ, म्हणजे पहिला फटका, असेल तर साडेअकरा होतातच, मग आंघोळ, जेवण, आणि उन्हात सात-आठ किलोमीटर चालून आलेल्या माणसाला दुपारी पाठ टेकावीशी वाटते. चार वाजता ‘वारसा’ सुरू होतो आणि संग्रहालयं पाच-सहाला बंद होतात. सहा दिवसांत चार राउंड म्हणजे चार सकाळी गेल्या, उरलेल्या दोन विमानतळावर. देवळं, मकबरे, किल्ले बघायचीही खरी वेळ सकाळचीच असते: ऊन तिरपं, गर्दी कमी, दगडावरचं कोरीवकाम उठून दिसतं. मला विचाराल तर तुमच्या घरातलं भांडण सकाळवरून आहे. दोघांनाही तीच वेळ हवी आहे आणि माहितीपत्रकाने ती सगळी एकाला देऊन टाकली आहे.

म्हणून माझं पहिलं सुचवणं साधं आहे: सहा दिवसांत दोनच राउंड. त्या दोन सकाळी तुम्ही तुमच्या, ते त्यांचे. बाकीच्या सकाळी दोघांच्या. आणि जागा अशी निवडा की कोर्स आणि इतिहास एकाच गावात, रिक्षाच्या अंतरावर असतील. शहरापासून दोन तासांवरच्या गोल्फ रिसॉर्टमध्ये उतरलं की न खेळणारा माणूस तिथे अडकून पडतो. मग तुम्ही बाराव्या होलवर असताना तो लॉबीतली मासिकं चाळत बसतो, आणि संध्याकाळी त्याचं तोंड कसं असणार ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता त्यांच्या ‘साहेबांचा खेळ’ या मुद्द्याकडे येऊ, कारण तो तुम्ही पत्रात निमूटपणे मान्य करून टाकलाय. तो अर्धा बरोबर आहे. हा खेळ आपल्याकडे साहेबाबरोबरच आला. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटनबाहेरचा तो सगळ्यात जुना मानला जातो. आपल्या मुंबईत ताडदेवचा विलिंग्डन क्लब १९१८ साली निघाला, आणि हिंदी माणसालाही सभासद होता येतं ही त्या काळात बातमी होती, यावरून इतर क्लबांचं काय ते समजा. नाशिकला ज्या मैदानाला लोक अजून गोल्फ क्लब मैदान म्हणतात त्याला नाव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं, ज्यांनी १९०९ साली कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. हा तपशील मिस्टरांना आवडेल, त्यांच्या बाजूचा आहे.

पण उरलेली अर्धी बाजू अशी, की खेळ जिथला आहे त्या स्कॉटलंडमध्ये तो साहेबांपुरता कधी नव्हता. तिथल्या राजाने १४५७ साली त्यावर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडू मारत बसायचे. सेंट अँड्र्यूज गावात १७६४ साली बावीस होलचे अठरा झाले आणि तोच आकडा पुढे जगाने उचलला. तिथला ओल्ड कोर्स आजही सार्वजनिक जमिनीवर आहे. रविवारी खेळ बंद असतो आणि गावकरी त्यावर कुत्री फिरवतात. शेजारी ‘हिमालयाज’ नावाचं उंचसखल पटिंग ग्रीन आहे, चेंडू हळूच खड्ड्यात ढकलायची हिरवळ. ते चालवणारा बायकांचा क्लब १८६७ पासूनचा, आणि थोडे पैसे टाकून तिथे कुणालाही खेळता येतं. हे सगळं वाद जिंकायला वापरू नका. तुम्ही स्वतः जे अपराधी वाटून घेताय ते थोडं उतरावं, म्हणून सांगितलं.

मग ग्रुपची परदेशवारी सोडून दोघांनीच जायचं, तर कुठे? माझं उत्तर दिल्ली. हसू नका. दिल्ली तुम्ही दोघांनी पाहिलेलीच असणार, लाल किल्ला, कुतुब, राजघाट, करोलबाग. मी म्हणते ती दिल्ली वेगळी आहे, आणि ती तुमच्या मिस्टरांच्या कपाटातच आहे.

शहराच्या दक्षिणेला लाडो सरायला दिल्ली विकास प्राधिकरणाचा कुतुब गोल्फ कोर्स आहे. आपल्या देशातला हा पहिला सार्वजनिक गोल्फ कोर्स. सभासद नसलात तरी पैसे भरून खेळता येतं. खेळताना झाडांवरून कुतुबमिनार दिसतो. आणि जवळच मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान आहे: बल्बनाची कबर, राजों की बावली (पायऱ्यांची जुनी विहीर), जमाली-कमालीची मशीद, सगळं झाडोऱ्यात विखुरलेलं. तुम्ही पहिल्या टीवर उभ्या असाल तेव्हा मिस्टर तिथे आरामात फिरू शकतात. पायवाटा बऱ्यापैकी सपाट आहेत, बावलीत उतरायचा मोह टाळला तर गुडघ्यांना फार त्रास नाही.

पण त्यांनी तिथून मेहरौली गावात जावं, ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्याशेजारी जफर महालाजवळ. तिथल्या छोट्या आवारात बादशहा दुसरा शाह आलम पुरलेला आहे. हा तोच शाह आलम, ज्याला मराठ्यांनी १७७२ च्या जानेवारीत अलाहाबादेहून आणून दिल्लीच्या गादीवर पुन्हा बसवलं. पुढे गुलाम कादरने १७८८ साली त्याचे डोळे काढले, तेव्हा महादजी शिंद्यांच्या फौजांनी दिल्ली सोडवली आणि कादरला पकडलं. त्या आवारात एक जागा मोकळी आहे, ती शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याने स्वतःसाठी राखलेली. तो १८६२ साली रंगूनला वारला. सहलीच्या बसमधून इथे कुणी आणत नाही. मिस्टरांना इथे तास-दीड तास सहज लागेल, आणि तोवर तुमचे नऊ होल झालेले असतील.

दुपारनंतर कुतुबमिनार दोघांनी मिळून बघा, उतरत्या उन्हात. १ सप्टेंबर १८०३ च्या भूकंपात त्याचा वरचा भाग पडला. मग मेजर स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दुरुस्ती करताना माथ्यावर आपल्या मनाने एक छत्री बसवली. ती इतकी विसंगत दिसे की १८४८ साली खाली उतरवावी लागली. आता ती हिरवळीवर एकटी उभी आहे आणि लोक तिला ‘स्मिथचा मूर्खपणा’ म्हणून ओळखतात. साहेबावर राग असलेल्या माणसाला त्या छत्रीसमोर उभं करा, फोटो चांगला येईल.

भूकंपाची तारीख मुद्दाम दिली. त्यानंतर दहाच दिवसांनी, ११ सप्टेंबर १८०३ रोजी, यमुनेच्या पलीकडे पटपडगंजला लढाई झाली. एका बाजूला जनरल लेकची इंग्रज फौज, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी, त्यांचा सेनापती लुई बुर्कियाँ हा फ्रेंच. शिंद्यांची फौज हरली, काही दिवसांत लेक दिल्लीत शिरला आणि आंधळा शाह आलम इंग्रजांच्या आश्रयाला गेला. मराठ्यांची दिल्ली गेली ती त्या दिवशी. त्याच महिन्यात, २३ तारखेला, आपल्याकडे जालना जिल्ह्यात असईची लढाई झाली. मिस्टरांना असई पाठ असेल. पटपडगंजही पुस्तकात वाचलं असेल. पण त्या रणाची खूण सांगणारा दगडी खांब आज कुठे उभा आहे, हे त्यांना विचारून बघा.

तो नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे.

आत, कोर्सच्या हद्दीत. या ठिकाणाजवळ दिल्लीची लढाई झाली आणि त्यात मराठ्यांच्या फौजा हरल्या, असं त्यावर इंग्रजांनी कोरून ठेवलंय. आजूबाजूला हिरवळ, लोक बॅगा ओढत पुढच्या होलकडे चाललेले. मोकळ्या मैदानावर असता तर कुणीही जाऊन पाहिला असता. इथे मात्र खेळणारा माणूस आत जातो आणि इतिहासाचा माणूस फाटकाशी थांबतो. तुमच्या घरात इतके दिवस जे चाललंय ते इथे उलटं होतं: तुमच्या ग्रीन फीमुळे, म्हणजे खेळायच्या फीमुळे, त्यांना आत जायला मिळण्याची शक्यता आहे. शक्यता म्हणते, कारण पाहुण्याला कोर्सवर चालू देणं हे प्रत्येक कोर्स आपापलं ठरवतो. आधी सेक्रेटरीच्या ऑफिसला लिहून विचारा, गेल्यावर वाद घालू नका. तिथे जायला मेट्रोची ब्लू लाइन आहे, आणि स्टेशनाचं नावच ‘गोल्फ कोर्स’.

एक धोका सांगून ठेवते. हा खांब गळ म्हणून वापरू नका. ‘चला, तुम्हाला गंमत दाखवते’ म्हणून नेलं आणि तिथे गेल्यावर कळलं की बायकोचे पाच तास खेळात जाणार आहेत, तर पुढची सहल विसरा. सरळ सांगा: मला दोन सकाळी खेळायचंय, ते मी ठरवलंय. बाकीचे दिवस कसे घालवायचे ते तुम्ही आखा. आखायचं म्हणजे खरंच आखायचं. त्यांनी लाल किल्ल्याला तीन तास दिले तर तीन तास. दिवाण-ए-खासची चांदीची छत सदाशिवरावभाऊंनी १७६० साली का उतरवून घेतली, पानिपताआधी फौजेच्या पगाराची काय ओढाताण होती, हे सगळं उभ्याने ऐकायची तयारी ठेवा. पानिपत त्यांना हवंच असेल. दिल्लीहून ते साधारण नव्वद किलोमीटरवर आहे, त्याला एक अख्खा दिवस द्या, दुपारनंतर उरकू नका. आग्रा मात्र यात घुसडू नका. आग्रा घुसडल्याने सहल बिघडल्याचं मी फार ऐकलंय.

आता व्यवहाराचं. हे तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही लागू पडेल, मग खेळणारा नवरा असो, बायको असो की मुलगी.

बॅगेत नियमाने चौदा क्लब (खेळायच्या काठ्या) चालतात म्हणून चौदा नेऊ नका. सात-आठ पुरतात: ड्रायव्हर किंवा एखादा वूड, तीन-चार आयर्न, एक वेज, पटर. पूर्ण सेट बॅगेसकट बारा-पंधरा किलोचा होतो आणि देशांतर्गत विमानात बहुतेक वेळा तेवढीच चेक-इनची मुभा असते, म्हणजे कपडे हातात. खेळाच्या सामानाचे नियम कंपनीगणिक वेगळे, ते तिकीट काढायच्या आधी बघायचे. तुमच्याकडे तर रेल्वेचा माणूस आहे आणि निवृत्तीचा पासही असेल. मध्य रेल्वेची राजधानी कल्याणला थांबते आणि हजरत निजामुद्दीनला सोडते; मुलुंडकरांना याहून सोयीचं काय हवं. बॅग बर्थखाली आडवी बसते. अजिबात न्यायची नसेल तर कोर्सवर सेट भाड्याने मिळतो का ते विचारा. मिळतो तो फार सुखाचा नसतो, पण नऊ होल निभतात.

बहुतेक क्लब बाहेरच्यांना आठवड्याच्या मधल्या वाराला खेळू देतात, शनिवार-रविवार सभासदांचे. हँडिकॅपचा, म्हणजे तुमच्या खेळाचा दर्जा सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला मागतात. नसेल तर तसं आधीच सांगावं, कुठे कुठे त्यावाचून घेतात. कॉलरचा टी-शर्ट लागतो, जीन्स चालत नाही. कॅडीची (बॅग उचलणाऱ्याची) फी आणि वरची बक्षिसी रोख ठेवायची. आणि ग्रीन फी विचारताना ‘सगळं धरून किती’ असं विचारा, नाहीतर कॅडी, कार्ट, विमा, कर असे आकडे तिथे गेल्यावर वाढत जातात.

दिल्लीला ऋतू सांभाळावा लागतो. दिवाळीनंतर हवा खराब, डिसेंबर-जानेवारीत धुकं; समोरचं ग्रीन दिसेना म्हणून टी ऑफ दोन तास खोळंबतो. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य, हे दिवस चांगले. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, तेव्हा खेळाचा एक दिवस सोमवारचा ठेवता येतो का बघा; काही कोर्सही सोमवारी बंद ठेवतात, ते विचारूनच. उतरायला दक्षिण दिल्लीत मेट्रोजवळची जागा घ्या. तुम्ही कोर्सवर असताना त्यांना गाडीची वाट बघत बसावं लागू नये. दोघांची दुपारच्या जेवणाची जागा आणि वेळ आदल्या रात्री पक्की करा. गोल्फमध्ये पुढचा ग्रुप हळू चालला की तासभर उशीर होतो, फोन बॅगेत असतो, आणि नेमक्या त्याच तासात नवरा-बायकोची भांडणं होतात.

ज्यांना मराठ्यांची दिल्ली नको, त्यांनी म्हैसूर बघावं. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी जयचामराज वडियार गोल्फ क्लब आहे, राजवाडा गावातच, श्रीरंगपट्टण जवळ. तिथल्या दरिया दौलत महालाच्या भिंतींवर टिपूच्या घराण्याने इंग्रजांना १७८० साली पोल्लिलूरला हरवलं त्याची चित्रं आहेत. सोमनाथपूरचं होयसळ देऊळ २०२३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. राजवाड्यावर रविवारी संध्याकाळी दिवे लावतात, मुक्काम तसा धरा. बागांचं वेड असेल तर श्रीनगर: रॉयल स्प्रिंग्ज कोर्स झबरवान डोंगराच्या कुशीत आणि मोगल बागा दल सरोवराच्या काठाला. तिथे खर्च जास्त.

आणि तुमचा दुसरा पर्याय, एकटीने ग्रुपबरोबर जाणं? तो मी खोडलेला नाही. सगळं मोकळेपणाने बोलूनही मिस्टर नाही म्हणाले, तर जा. पण ‘बघा, शेवटी एकटीला जावं लागलं’ हे तोंडावर घेऊन जाऊ नका. आणि ग्रुपला एवढं जरूर सुचवा, की चारातला एक राउंड कमी करून त्या सकाळी सगळ्यांनी मिळून काहीतरी बघावं. इतरांच्या घरीही कुणीतरी तो रकाना वाचलेला असणार.

थेट दिल्लीची उडी मोठी वाटत असेल तर आधी पुण्याची रंगीत तालीम करा, दोन दिवसांची, मंगळवार-बुधवार बघून. पूना क्लबचा गोल्फ कोर्स येरवड्याला आहे. बाहेरच्यांना कधी घेतात ते फोन करून विचारा. मिस्टरांसाठी नगर रस्त्यावर आगाखान पॅलेस, जिथे गांधीजी १९४२ ते ४४ स्थानबद्ध होते आणि त्यांचे सचिव महादेवभाई देसाई व कस्तुरबा वारले. पण त्यांना मी वानवडीला पाठवीन, शिंदे छत्रीला. महादजी १७९४ साली वानवडीतच वारले, तिथे त्यांचं स्मारक आहे. मेहरौलीच्या त्या कबरीची गोष्ट इथून सुरू केली तर दिल्लीला जायचा विषय कदाचित तेच काढतील. तुम्ही खेळून या, दुपारी जेवायला भेटा, आणि पहिल्याच दिवशी एकमेकांना किती वेळ वाट बघायला लावता ते लक्षात येईल. त्यावरून दिल्लीत अठरा होल घ्यायचे की नऊ, ते ठरवा.

राजधानीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात जायचं तर डिसेंबर संपायच्या आत तारीख ठरलेली हवी. पासावरच्या तिकिटाचं काय ते मिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.